पांखरांचे कैवारी सलीम अली



बारामती व इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांना निसर्गानें व मनुष्याच्या उद्योगानें दोन भिन्न रूपें दिलीं आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथें पोहोंचलें तेथें उंसाचे हिरवेगार मळे डोलूं लागले. आणि जेथें तें पोहोंचलें नाहीं तेथें खुरट्या गवताचा, बोरी-बाभळींचा व मुरमाड टेकाडांचा माळ होता तसाच राहिला. या माळाला आपण सहज बोलतांना पडीक म्हणतों. परंतु सुप्याजवळील अशाच माळाचा सुमारें पांच चौरस किलोमीटरांचा एक तुकडा सरकारनें १९९७ सालीं कायद्यानें राखून ठेविला व त्यास मयूरेश्वर अभयारण्य हें नांव दिलें. तेथें चिंकारा जातीचीं हरिणें राहतात. तेथें नांगर धरावयाचा नाहीं, शिकार करावयाची नाहीं, झाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाहीं. ज्या मुलुखांत वीतभर बांधासाठीं सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, तेथें एवढी जमीन हरिणांकरितां कां सोडावी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. आणि हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. ज्या थोर पुरुषानें आपलें दीर्घ आयुष्य जणूं याच प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत वेंचिलें, त्याचें चरित्र आज आपण थोडक्यांत पाहूं.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईंत एका सुलेमानी बोहरा कुटुंबांत झाला. अनेक भावंडांत ते सर्वांत धाकटे. दैव मात्र आरंभापासून प्रतिकूल होतें. सलीम एक वर्षाचा असतांना पिता वारला, आणि तो तीन वर्षांचा होतो न होतो तोंच माताही देवाघरीं गेली. या पोरक्या लेंकरांना त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनीं पोटाशीं धरलें. त्या उभयतांना स्वतःचें मूल नव्हतें. त्यामुळें खेतवाडींतील त्यांचें घर भाच्यांनीं भरून गेलें. सलीमचें पहिलें शिक्षण गिरगांवांतील एका मिशनच्या मुलींच्या शाळेंत, बहिणींच्या सोबतीनें झालें.

मामा मोठे शिकारी होते, आणि त्या काळीं सुखवस्तु घरांतील मुलांना शिकारीचा नाद असणें हें भूषण मानलें जाई. सलीमला छर्‍यांची एक लहानशी बंदूक मिळाली होती व चिमण्या टिपण्यांत त्याचा हात चांगला बसला होता. दहा-अकरा वर्षांचा असतांना एके दिवशीं त्यानें एक चिमणी पाडली. हातांत घेऊन पाहतो तों तिच्या गळ्यावर हळदीचें बोट लावावें तसा पिवळा ठिपका! अशी चिमणी त्यानें पूर्वीं कधीं पाहिली नव्हती. ती खाणें धर्मास मान्य आहे कीं नाहीं अशी शंका येऊन तो मामांकडे गेला. पण मामांनाही ती ओळखतां येईना. मामा १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनीं संस्थेचे चिटणीस मिलर्ड साहेब यांच्या नांवें चिठ्ठी लिहून मुलाला तिकडे धाडलें.

साहेबाच्या कचेरींत एकट्यानें जावयाचें म्हणून सलीमचे पाय जड झाले होते. कागदांत गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन तो बिचकत आंत शिरला. परंतु मिलर्ड साहेबांनीं त्याला हिडिसफिडिस केलें नाहीं. त्यांनीं ती रानचिमणी असल्याचें सांगितलें, आणि एवढ्यावर न थांबतां कपाटांचे खण एकामागून एक उघडून, भरून ठेविलेले अनेक जातींचे पक्षी त्याला दाखविले. पुढें त्यांनीं त्याला वाचावयास पुस्तकें दिलीं, आणि पक्ष्यांचीं कातडीं काढून तीं नीट भरून कशीं ठेवावीं हेंही त्याला संस्थेंत शिकावयास मिळालें. एका पोरक्या मुलाच्या लहानशा प्रश्नाला एका कामांत गढलेल्या मनुष्यानें सावकाश उत्तर दिलें, आणि त्या घटकेपासून मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं ही गोष्ट विसरूं नये. पुढें वृद्धपणीं सलीम अलींनीं आत्मचरित्र लिहिलें, तेव्हां त्याच्या नांवांत या चिमणीच्या पडण्याचीच आठवण ठेविली. चिमणीचें भूमीवर पडणें स्वर्गांतील पित्याला ठाऊक असतें, अशी प्रभु येशूची शिकवण ज्यांनीं शुभवर्तमानांत वाचली आहे, त्यांना त्या नांवाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मात्र सलीम शाळेंत फार हुशार होता असें कोणीं समजूं नये. गणितानें त्याला नेहमींच छळलें. मध्यंतरीं डोकेदुखीच्या विकारानें शाळा सुटली व हवापालटासाठीं त्याला सिंधमध्यें जाऊन राहावें लागलें. १९१३ सालीं तो कसाबसा मॅट्रिकची परीक्षा उतरला. सेंट झेवियर कॉलेजांत नांव घातलें, पण पहिल्याच वर्षानंतर कॉलेज सोडून तो ब्रह्मदेशांत टॅव्हॉय येथें भावाच्या व्यवसायांत मदत करण्यास गेला. तेथें कुटुंबाची वुल्फ्रॅम या धातूची खाण होती व इमारती लांकडाचा व्यापार होता. भोंवतालच्या अरण्यांनीं त्याला मोह घातला. हिशेबाच्या वह्यांपेक्षां पांखरांच्या मागें त्याचा वेळ अधिक जाऊं लागला. १९१७ सालीं तो मुंबईस परतला व व्यापारी कायदा आणि जमाखर्च शिकूं लागला. त्याच वेळीं सेंट झेवियर कॉलेजांतील वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरु फादर ब्लॅटर यांनीं त्याचा खरा कल ओळखून त्याला प्राणिशास्त्राच्या अभ्यासास उत्तेजन दिलें. विश्वविद्यालयाची पदवी मात्र त्याला मिळाली नाहीं ती नाहींच.

या पदवीच्या अभावाचा फटका लौकरच बसला. डिसेंबर १९१८ मध्यें सलीम अलींचा विवाह तेहमिना बेगम यांच्याशीं झाला होता. संसार तर चालवावयाचा, पण सरकारी प्राणिशास्त्र खात्यांतील जागा पदवी नसल्यामुळें त्यांना मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें प्रेक्षकांना सृष्टिविज्ञानाची माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. आपलें ज्ञान अपुरें आहे हें जाणून १९२८ सालीं रजा घेऊन ते जर्मनींत बर्लिन येथें गेले, आणि स्ट्रेसेमान या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांनीं अध्ययन केलें. १९३० सालीं नव्या उमेदीनें परत येऊन पाहतात तों पैशाच्या टंचाईमुळें त्यांची जागाच रद्द झालेली! एखादा हताश होऊन दुसऱ्या धंद्यास लागला असता. परंतु तेहमिना बेगम खरी सहधर्मचारिणी होती. तिनें पतीला मोठ्या पगाराची नोकरी शोधावयास लावलें नाहीं. दोघेंही मुंबईचा खर्च टाळून कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, अलिबागजवळ किहीम येथें समुद्रकांठीं राहावयास गेलीं.

घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आपल्या इकडे विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारीं सुगरणीचीं घरटीं कोणीं पाहिलीं नाहींत? पण पाहणें निराळें आणि निरखणें निराळें. सलीम अली दिवसचे दिवस तेथें बसले व एकेका घरट्याची हकीकत लिहून ठेवूं लागले. त्यांना आढळून आलें कीं, घरटें विणतो तो नर; तो अर्धे काम करून थांबतो, माद्या येऊन तें तपासतात, एखादीच्या पसंतीस उतरलें तर ती तेथें बिऱ्हाड करते व नर तें पुरें करतो. ती अंडीं उबवूं लागली कीं हा कारागीर दुसरें घरटें आरंभतो. हा निबंध प्रसिद्ध झाला आणि बेकार मनुष्याच्या त्या रिकाम्या महिन्यांनीं त्याला विद्वानांच्या पंक्तींत बसविलें.

यानंतर त्यांनीं एक साधी योजना आंखली. हिंदुस्थानांत अनेक संस्थानें होतीं, पण तेथील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. प्रवासाचा व तळाचा खर्च संस्थानानें द्यावा, आपण वेतन न घेतां पाहणी करूं, असें त्यांनीं सुचविलें. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, म्हैसूर अशा अनेक संस्थानांत राहुट्या ठोकून, बैलगाडीनें व पायीं फिरून त्यांनीं पक्ष्यांच्या नोंदी केल्या. तेहमिना बेगम बहुतेक प्रवासांत बरोबर असत. परंतु १९३९ सालीं एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अकालीं अंत झाला. हा घाव सलीम अलींच्या मनावर जन्मभर राहिला. त्यांनीं पुन्हां विवाह केला नाहीं. बहिणीच्या घरीं राहून सर्व शक्ति कामाला वाहिली. १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांविषयींचें त्यांचें सचित्र इंग्रजी पुस्तक निघालें आणि सामान्य मनुष्याला प्रथमच आपल्या अंगणांतील पांखरांचीं नांवें समजूं लागलीं. पुढें अमेरिकन मित्र रिप्ली यांच्या सहकार्यानें त्यांनीं १९६८ ते १९७४ या काळांत भारतीय उपखंडांतील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. राजस्थानांत भरतपूर येथें केवलादेव नांवाची पाणथळ जागा आहे. हिंवाळ्यांत दूरदूरच्या थंड देशांतून बदकें व इतर पाणपक्षी तेथें येतात. भरतपूरचे राजे तेथें पाहुण्यांसाठीं शिकारीचे मोठमोठे समारंभ करीत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसांत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यानें तेथें ४,२७३ पक्षी मारले. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं सलीम अलींना बेचाळिसावें वर्ष पुरें झालें होतें. स्वातंत्र्य आल्यावर निराळेंच संकट उभें राहिलें. हें पाणी शेतीला द्यावें, तळीं कोरडीं करून जमीन वांटून टाकावी, अशी मागणी होऊं लागली. मागणी करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांना पोटापुरती जमीन हवी होती. सलीम अलींनीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत हा विषय नेला, आणि ती जागा वांचली. पुढें ती राखीव पक्षितीर्थ झाली, १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान ठरली व १९८५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली. केरळांतील सायलेंट व्हॅलीचें सदाहरित अरण्य धरणाच्या पाण्याखालीं जाऊं नये म्हणून ज्यांनीं शब्द टाकला त्यांतही हे वृद्ध गृहस्थ होते. १९८४ सालीं तेंही राष्ट्रीय उद्यान झालें.

येथें कायद्याचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. वन्य जीवांच्या रक्षणाचा अखिल भारतीय कायदा १९७२ सालीं झाला. सरकारला एखादी जागा अभयारण्य करावयाची असेल, तर प्रथम तसा हेतु जाहीर करावा लागतो. मग जिल्ह्याचा कलेक्टर तेथील लोकांच्या जमिनीविषयींच्या व इतर हक्कांची चौकशी करतो. अभयारण्यांत गुरांच्या चराईला नियम घालून परवानगी देतां येते. राष्ट्रीय उद्यानांत ती मुळींच चालत नाहीं. म्हणजे कायद्यानें सर्व रानें एका मापानें मोजलेलीं नाहींत. मनुष्य आणि रान यांचा संबंध जेथें जसा असेल तेथें तसा निर्णय घ्यावा, अशी त्यांत सोय ठेविली आहे. ही सोय समजून न घेतां कायदा चालविला तर काय होतें, हें भरतपुरासच दिसून आलें.

चरित्रलेखकानें नायकाचे गुणच सांगावे अशी रीत आहे. परंतु सत्य झांकून ठेवणें हा सलीम अलींचाच अपमान होईल. म्हशींच्या चराईनें केवलादेवचें नुकसान होतें असें त्यांचें व त्यांच्या संस्थेचें मत होतें. १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान होतांच चराई बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथें गुरें नेणारे आसपासचे गांवकरी संतापले, दंगा झाला, आणि पोलिसांच्या गोळीबारांत कांहीं ग्रामस्थ प्राणांस मुकले. ही गोष्ट अत्यंत दुःखद आहे. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. त्यांच्याच संस्थेनें तेथें सुमारें दहा वर्षें अभ्यास चालविला होता, आणि त्यांतून असें सिद्ध झालें कीं म्हशी गेल्यामुळें गवत बेसुमार वाढलें, उघडें पाणी झांकलें गेलें व पक्ष्यांना चारा मिळणें कठीण झालें. म्हशी त्या तळ्यांच्या शत्रु नसून एका परीनें रखवालदार होत्या! संस्थेनें हा निष्कर्ष लपविला नाहीं, तो जगापुढें मांडला. आपलें मत खोटें ठरलें तरी सत्य लिहून ठेवावयाचें, हीच शिस्त सलीम अलींनीं सुगरणींच्या झाडाखालीं बसून आरंभिली होती. तिचें फळ संस्थेला मिळालें.

आपल्या शेजारच्या सोलापूर व अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांचें उदाहरणही असेंच बोधप्रद आहे. माळढोक हा गवताळ माळावरील भव्य पक्षी. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडतांना सलीम अलींनीं याच पक्ष्याची बाजू घेतली होती. १९६३ सालीं तो मान मोराला मिळाला. माळढोकासाठीं १९७९ सालीं सोलापूरकडील नान्नजसह विस्तीर्ण प्रदेश अभयारण्य ठरविण्यांत आला. त्याचें क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या जवळपास होतें, आणि त्यांत गांवें, शेतें, वस्त्या सर्वच आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्यामुळें लोक त्रासले, आणि ज्या पक्ष्यासाठीं हें केलें त्याच्याविषयींच मनांत अढी बसली. पुढें सीमा पुन्हां आंखून क्षेत्र सुमारें साडेबाराशें चौरस किलोमीटरांपर्यंत उतरविलें गेलें. दरम्यान उघडे माळ नांगरले गेले, आणि आज तेथें माळढोक दृष्टीस पडणें अतिशय दुर्मीळ झालें आहे. नकाशावर रेघ ओढल्यानें पांखरूं वांचत नाहीं. भोंवतालच्या मनुष्यांचीं मनें राखलीं तरच तें वांचतें.

म्हणून आतां सुप्याच्या माळाकडे पुन्हां पाहा. तो पडीक नाहीं. चिंकारा तेथें पाण्यावांचून पुष्कळ काळ तग धरतो. लांडगा, खोकड, ससा, चंडोल, धाविक यांची वस्ती अशाच उघड्या गवताळ रानांत असते. तेथें दाट झाडी लावली तर त्यांचें घर मोडेल. उंसाचा मळा केला तरीही मोडेल. इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीकडील गवताळ रान, भादलवाडीच्या तळ्यांतील बाभळींवर घरटीं करणारे चित्रबलाक, भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत उतरणारे रोहित, हीं सर्व एकाच संपत्तीचीं निरनिराळीं दालनें होत. नोहाच्या काळीं प्राण्यांच्या जाती जलप्रलयांतून वांचविण्यासाठीं एक तारूं पुरलें. आजचा प्रलय पाण्याचा नसून मनुष्याच्या गरजांचा आहे, आणि अशीं राखीव रानें म्हणजे कोरड्या जमिनीवरचीं लहान लहान तारवें आहेत. त्या माळांवर मेंढरें वळणारे आपले धनगर बांधव या रानांचे परके नव्हेत. कोठें चरावें, केव्हां थांबावें, याचा निर्णय त्यांना विचारून व अभ्यास करून झाला, तर भरतपूरचें दुःख आपल्या वांट्यास येणार नाहीं.

सलीम अलींना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९५८ सालीं पद्मभूषण, १९७६ सालीं पद्मविभूषण, आणि १९८५ सालीं राज्यसभेचें सभासदत्व. जे. पॉल गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर मिळाले, तेव्हां ते त्यांनीं निसर्गरक्षणाच्या निधीसाठीं आपल्या संस्थेला दिले. राहणी शेवटपर्यंत साधी. उत्तर वयांतही पहांटे उठून, गळ्यांत दुर्बीण अडकवून, टिपणवही घेऊन ते रानांत जात. शास्त्रासाठीं आपणही पक्ष्यांवर बंदूक चालविली हें त्यांनीं कधीं नाकारलें नाहीं. २० जून १९८७ रोजीं मुंबईंत, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं त्यांची प्राणज्योत मालवली.

मुलांनो, अभयारण्य या शब्दाचा अर्थच असा कीं जेथें भय नाहीं असें अरण्य. बळकटानें दुबळ्याला भय न देणें हीच सुसंस्कृतपणाची पहिली पायरी आहे. हरिणाला अर्ज लिहितां येत नाहीं, पांखराला कचेरींत साक्ष देतां येत नाहीं. म्हणून त्यांच्या वतीनें कायदा बोलतो. परंतु कायदा पुस्तकांत असतो आणि माळ आपल्या दाराशीं आहे. सुट्टींत गलोल घरीं ठेवून एक वही घ्या, आणि विहिरीवरच्या सुगरणींचीं घरटीं मोजा. कोणत्या दिवशीं काय दिसलें तें खरें लिहा. गणितांत कच्चा, पदवी नसलेला, पोरका असा एक मुलगा एवढ्याच साधनांवर जगांतील थोर विद्वानांत बसला. तुम्हांला अशक्य असें त्यांत कांहींच नाहीं.